थांबणारं माणूस

जानेवारीत मटार स्वस्त झाला की आमच्या नेरूळच्या सोसायटीत घरोघर शेंगा सोलणं सुरू होतं. अशाच एका दुपारी मी शेजारी विरजण मागायला गेले होते. घरातले दोघंही कामावर. अकरा महिन्यांची मुलगी आणि तिला सांभाळणाऱ्या मावशी स्वयंपाकघरात फरशीवर बसलेल्या. मावशी मूळच्या साताऱ्याकडच्या, राहायला कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत. समोर परातीत शेंगांचा ढीग, आणि पोरीच्या हातात रिकामं साल.

एक दाणा उडाला आणि घरंगळत फ्रीजखाली गेला. पोरीनं साल खाली ठेवलं, फ्रीजकडे पाहिलं, मग मावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, "गेला गं बया! कुटं गेला?" आणि गप्प राहिल्या. सोलणारे हात चालूच, पण डोळे पोरीवर. पाच-सहा सेकंद काहीच झालं नाही. मग पोरीनं बोट फ्रीजकडे केलं आणि "आं" म्हणाली. "तितं गेला व्हय? लबाड हाय त्यो." पोर खिदळली. तिनं परातीतला दुसरा दाणा उचलला आणि फ्रीजच्या दिशेनं टाकला. तो एवढ्याशा अंतरावर पडला. पुन्हा मावशींकडे पाहणं, पुन्हा "कुटं गेला?", पुन्हा ते गप्प राहणं. मधेच एक दाणा पोरीच्या तोंडाकडे निघाला, तर मावशींचा हात त्याआधी पोचला आणि दाण्याच्या जागी साल आलं. हे सगळं सात-आठ मिनिटं चाललं. मी विरजणाची वाटी हातात धरून दारातच उभी होते.

माझं सगळं म्हणणं त्या सात-आठ मिनिटांत आहे, म्हणून ती जरा उलगडून सांगते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा मेंदू साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा असतो आणि मोठ्या माणसाचा तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. यातली बहुतेक वाढ पहिल्या काही वर्षांत होते. दोन वर्षांचं होईपर्यंत मूल तीन चतुर्थांशाच्या पुढे पोचलेलं असतं. पण वजनापेक्षा महत्त्वाचं आहे ते पेशींचं एकमेकींशी जोडलं जाणं. हार्वर्ड विद्यापीठाच्या बालविकास केंद्राच्या हिशेबानं पहिल्या वर्षांत दर सेकंदाला दहा लाखांहून जास्त जोडण्या तयार होतात. मग ज्या वापरल्या जातात त्या पक्क्या होतात, ज्या वापरल्या जात नाहीत त्या छाटल्या जातात. कोणत्या जोडण्या वापरल्या जाणार, हे ठरतं ते मुलानं काही केल्यावर समोरून काय येतं यावर. पोरीनं पाहिलं, मावशींनी विचारलं. पोरीनं बोट दाखवलं, मावशींनी त्या बोटाला अर्थ दिला. एक गोष्ट दोघींनी मिळून पाहिली आणि त्या गोष्टीला शब्द मिळाला. भाषा इथूनच सुरू होते. दिसेनासा झालेला दाणा कुठंतरी आहे, ही समजही इथूनच येते. आणि मी केलेल्या खुणेला जगाकडून उत्तर येतं, हा विश्वासही.

त्यातही माझं लक्ष वेधलं ते मावशींच्या गप्प राहण्यानं. बाळाशी बोला, भरपूर बोला, असं आता सगळेच सांगतात. बोलून झाल्यावर थांबा, असं फार कमी जण सांगतात. अकरा महिन्यांच्या मुलाला प्रश्न कळायला, उत्तर जुळवायला आणि ते बोटानं किंवा आवाजानं बाहेर काढायला वेळ लागतो. आपल्याला पाच सेकंदांची शांतता सोसत नाही. आपण प्रश्न विचारतो, स्वतःच उत्तर देतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. मुलाची पाळी येतच नाही.

१९९५ साली हार्ट आणि रिस्ली या दोन अमेरिकी संशोधकांनी एक हिशेब मांडला होता. गरीब घरातल्या मुलांच्या कानांवर चार वर्षांपर्यंत सधन घरातल्या मुलांपेक्षा तीन कोटी शब्द कमी पडतात, असा तो हिशेब. तो जगभर गाजला आणि पुढे त्यावर बरीच टीकाही झाली. अवघ्या ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावर तो उभा होता. मला तो कधीच पटला नाही, कारण त्यात मूल म्हणजे शब्द ओतायचं भांडं ठरतं. २०१८ मध्ये रेचल रोमिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या मेंदूचं चित्रण करून जे दाखवलं ते मावशींच्या बाजूचं आहे. मुलाच्या कानांवर एकूण किती शब्द पडले यापेक्षा मोठं माणूस आणि मूल यांच्यात बोलण्याच्या किती फेऱ्या झाल्या, त्याचा भाषेच्या केंद्राशी जास्त संबंध दिसला. घरची मिळकत किती, यानं त्यात फरक पडला नाही.

आता याच नेरूळहून खारघरपर्यंत जाऊन या. सेक्टरागणिक पाट्या दिसतील: मेंदूविकासाचे वर्ग, सहा महिन्यांपासून प्रवेश, फ्लॅशकार्ड, गणिताची पूर्वतयारी, बाळासाठी संगीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक वाक्य आहे की मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आत होतो. धोरणात ते अंगणवाड्यांकडे लक्ष वेधायला आलं होतं, पण माहितीपत्रकांवर ते धमकीसारखं छापलं जातं. आत्ता पैसे भरले नाहीत तर गाडी सुटली, असा त्याचा सूर असतो. पहिलटकर आईबाप घाबरतात. घाबरणारच. मूल एकच असतं, सल्ला द्यायला घरात वडीलधारं माणूस नसतं आणि हप्त्याच्या ताणात आपलं काही राहून जातंय ही टोचणी आधीच लागलेली असते.

या वर्गांचा मला राग येतो, कारण ते जे विकतात त्याला आधार नाही. मोझार्टच्या संगीतानं बुद्धी वाढते हा बोलबाला ज्या १९९३ च्या प्रयोगावरून झाला, तो कॉलेजातल्या विद्यार्थ्यांवरचा होता. बाळांचा त्यात संबंधच नव्हता, आणि जो थोडा परिणाम दिसला तोही दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. 'बेबी आइन्स्टाइन' नावाच्या चित्रफिती अमेरिकेत घराघरांत पोचल्या होत्या. २००९ मध्ये डिस्नी कंपनीला त्यांचे पैसे परत द्यायची तयारी दाखवावी लागली. २०१० मध्ये ज्युडी डीलोश यांनी एक ते दीड वर्षाच्या मुलांना शब्द शिकवणारी चित्रफीत महिनाभर दाखवून पाहिली. ती पाहणारी मुलं काहीही न पाहणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली नाहीत. सगळ्यांत जास्त शब्द शिकली ती मुलं ज्यांच्या आईवडिलांना फक्त शब्दांची यादी दिली होती आणि जमेल तसे हे शब्द रोजच्या बोलण्यात आणा, एवढंच सांगितलं होतं.

याहून बोलका प्रयोग पॅट्रिशिया कूल यांचा, २००३ सालचा. सिएटलमधल्या नऊ महिन्यांच्या इंग्रजी घरांतल्या बाळांना त्यांनी चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारं माणूस प्रत्यक्ष बसून खेळलं, पुस्तक दाखवत बोललं. काही बाळांनी तेच माणूस, तेच बोलणं पडद्यावर पाहिलं. बारा बैठका झाल्या. माणसाशी खेळलेली बाळं चिनी ध्वनी ओळखायला शिकली. पडदा पाहिलेली बाळं काहीच शिकली नाहीत. त्या वयाचा मेंदू माणसाकडून शिकतो, आणि समोरचं माणूस आपल्याकडे पाहतंय की नाही हे त्याला नेमकं कळतं.

ते किती नेमकं कळतं, हे एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात दाखवलं. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग तिला सांगितलं जातं, आता दोन मिनिटं चेहरा कोरा ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं, बोट दाखवून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं. काहीच उत्तर येत नाही म्हटल्यावर मान फिरवतं आणि शेवटी रडतं. दोन मिनिटांत. आई समोरच असते, कुठंही गेलेली नसते. संध्याकाळी वाशी स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत मांडीवर किंवा कडेवर मूल घेतलेली माणसं पाहताना मला तो प्रयोग आठवतो. मोबाईलकडे पाहणारा चेहरा कोराच असतो. भुवई हलते, कधी ओठही हलतात, पण मुलासाठी नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा मुळीच नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं सांगितलं आहे. ती सूचना आपण मुलाच्या हातातल्या फोनपुरती वाचतो. मला आईबापांच्या हातातल्या फोनची चिंता जास्त वाटते.

भाषेचंही असंच. टॉवरच्या पोडियमवर बाबागाडी ढकलणाऱ्या आया, आज्या, मावश्या काय बोलतात ते कान देऊन ऐका. बर्ड बघ. स्काय बघ. यलो फ्लॉवर. मुलानं शाळेत मागे पडू नये म्हणून घरातली सगळी माणसं धडपडत इंग्रजी नामं देत असतात. इंग्रजीशी माझं भांडण नाही. बाळाचा मेंदू दोन-तीन भाषा सहज पेलतो. पण जी भाषा मोठ्या माणसालाच अपुरी येते, तिच्यात संवादाची फेरी होत नाही, नुसतं नाव सांगून बोलणं संपतं. 'बर्ड बघ' म्हटल्यावर पुढे काय म्हणायचं हे आजीला सुचत नाही. तीच आजी तिच्या भाषेत बोलली तर ती चिमणी कुठून आली, काय टिपतेय, पाणी पिऊन कुठं निघाली, हिचं पोर कुठाय, असं दहा मिनिटं बोलेल आणि मधेमधे विचारेलही. स्वयंपाकघरात बसलेल्या मुलाला मराठीतून जी क्रियापदं मिळतात तीच बघा: निवडणं, पाखडणं, चाळणं, मळणं, लाटणं, थापणं, परतणं, निथळणं. प्रत्येकाला वेगळी हालचाल, वेगळा आवाज, वेगळा वास. यातल्या एकाही गोष्टीचं फ्लॅशकार्ड निघत नाही. सारसोळे, करावे, दिवाळे या गावठाणांतल्या आज्यांना तर मी मुद्दाम सांगेन की नातवाशी आगरीत बोला, कोळी बोलीत बोला. घरच्या भाषेतून जो पाया घातला जाईल त्यावर शाळेची भाषा चढेल. तळहातावर बोट टेकवून मोराला बोलावणं, चिऊ-काऊचे घास, पायावर घालून आंघोळ घालताना म्हटलेली गाणी, ही सगळी आपल्या बायकांनी रचून ठेवलेली देवाणघेवाणच आहे. त्यांत मुलाची पाळी कधी येणार हे चालीतच ठरलेलं असतं.

इथवर वाचून एखादी आई म्हणेल की म्हणजे पुन्हा सगळं आमच्यावरच. हा आक्षेप खरा आहे आणि तो बाजूला सारून पुढे जाता येणार नाही. मेंदूविज्ञानाचा उपयोग आईला आणखी एक अपराधी भावना चिकटवण्यासाठी होत असेल, तर ते विज्ञान न कळलेलंच बरं. बाळाला उत्तर देणारं माणूस आईच असलं पाहिजे असं कोणताही अभ्यास म्हणत नाही. वडील चालतील, आजोबा चालतील, पाळणाघरातल्या ताई चालतील. आणि दर वेळी उत्तर द्यायलाच हवं असंही नाही. चुकामूक होते, राहून जातं, मग पुन्हा जुळतं. ट्रॉनिक यांचंही पुढचं काम याच पुन्हा जुळण्यावर आहे. पण ते जुळण्यासाठी थांबायला कुणीतरी मोकळं हवं, आणि नवी मुंबईत थांबायला कुणाला मोकळीक आहे, हा माझा प्रश्न आहे.

पनवेलहून मुंबईच्या सीएसएमटीला लोकलनं जायला सुमारे ऐंशी मिनिटं लागतात. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस धरलं तर जाऊन-येऊन चार तास. सकाळी आठला निघालेला बाप रात्री साडेआठला घरी पोचतो. वर्षाचं मूल तोवर झोपलेलं असतं किंवा झोपेला आलेलं असतं. बापाला मुलाची फक्त रविवारची ओळख. मुलाला आंघोळ घालताना, भरवताना, कपडे चढवताना बोला, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, असं तज्ज्ञ म्हणतात आणि ते बरोबरही आहे. पण आठ सतराची लोकल गाठायची असली की कपडे चढवणं हे कपडे चढवणंच राहतं. मूल मोजा ओढून काढतं आणि आपल्याकडे बघून हसतं, तो त्याच्या बाजूनं आलेला डाव असतो. आपण दुसरा मोजा कोंबतो.

म्हणून मला हे शहर ज्यांनी आखलं त्यांच्यापर्यंत जायचं आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली. त्यात माणसाचं काम त्याच्या घराजवळ असावं हा मुख्य मुद्दा होता. १७ मार्च १९७० रोजी त्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि कोरिया तिचे पहिले मुख्य वास्तुरचनाकार झाले. घरं आली. कामं मात्र बरीच वर्षं पलीकडेच राहिली, आणि १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आल्यावर हे शहर पहाटे रिकामं होऊन रात्री भरू लागलं. थांबायला वेळ नसणं हे असं घडत गेलं. याला आईबापांचा आळस म्हणणं अन्याय आहे.

याच कोरियांनी १९८० च्या दशकात बेलापूरला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आर्टिस्ट व्हिलेज बांधलं. सेक्टर आठमध्ये जाऊन ते जरूर बघावं. सात घरांच्या मध्ये एक अंगण, साधारण आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. अशी तीन अंगणं मिळून एक मोठं अंगण. बरीचशी मूळ घरं आता पाडून त्या जागी उंच घरं झाली आहेत, अंगणांतून मोटारी लागतात. तरी एखाद्या अंगणात अजून दुपारी गेलं की कळतं की आठ मीटर का. दारात भाजी निवडत बसलेल्या बाईला समोरच्या दारातल्या रांगत्या मुलाचा चेहरा दिसतो आणि मुलाला तिचा. आवाज चढवावा लागत नाही. एका मुलाला उत्तर द्यायला सात दारं. आई आत पोळ्या करत असली तरी मुलाचा "आं" वाया जात नाही.

कोरियांनी ते अंगण काही शोधून काढलं नव्हतं. ज्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं, त्या आगरी-कोळी गावांत ते होतंच. ओटीवर जाळं विणणारा म्हातारा, सुकट वाळत घालणाऱ्या बाया आणि मध्ये लुटूलुटू फिरणारी पोरं. भातशेती गेली, मिठागरं गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या शेतकरी आंदोलनात पाच जणांचा जीव गेला, त्यानंतर साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. आज गावठाणांत 'गरजेपोटी' बांधलेली चार-चार मजल्यांची घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. अंगण तिथंही उरलं नाही. टॉवरमध्ये तर मजल्यावर चार दारं आणि चारही बंद. मधल्या पॅसेजमध्ये चपलांचं कपाट ठेवायलाही मनाई, मग मूल कुठलं रांगणार?

अंगण या शब्दाशी महाराष्ट्राचं एक मोठं काम जोडलेलं आहे. ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला नूतन बालशिक्षण संघ सुरू केला. तेव्हाचं बालशिक्षण शहरी सुखवस्तू मुलांसाठी होतं, मॉन्टेसोरीची साधनं महागडी होती. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी काढली, पण दलित वस्तीतली मुलं तिथं येईनात. थोरली पोरं धाकट्यांना सांभाळत, आईबाप कामावर. तेव्हा ताराबाईंनी ठरवलं की मुलं येत नसतील तर बालवाडी त्यांच्या अंगणात जाईल. शंखशिंपले, बिया, पानं, दगड ही साधनं झाली. अंगणवाडी हा शब्द असा जन्माला आला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं वारली मुलं गुरं चारायला जायची, म्हणून त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात ठेवली, म्हणजे धाकट्याला कडेवर घेऊन येणाऱ्या पोरीला त्याला पाळणाघरात सोडून स्वतः वर्गात बसता येईल. मूल कसं जगतं ते आधी पाहायचं आणि संस्था त्याच्या बेतानं शिवायची, ही त्यांची रीत होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा मराठी शब्द सरकारी कागदावर पुढे देशभर पोचला. पण त्या योजनेत तीन वर्षांखालचं मूल मुख्यतः वजनकाट्यावर आणि आहाराच्या पाकिटात दिसतं. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं 'नवचेतना' नावाचा आराखडा आणला, त्यात जन्म ते तीन वर्षांच्या मुलांशी घरच्या घरी कसं खेळावं-बोलावं याच्या १४० कृती आहेत. त्याआधीपासून महाराष्ट्रात युनिसेफ आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या मदतीनं 'आरंभ' हा उपक्रम चालतो. अंगणवाडी सेविका घरभेटीत आईबापांना हेच दाखवतात, पालक मेळावे भरवतात. काम चांगलं आहे. ते कुणाच्या खांद्यावर आहे हेही बघायला हवं. याच सेविका डिसेंबर २०२३ मध्ये मानधनासाठी संपावर गेल्या आणि तो संप पुढच्या जानेवारीपर्यंत चालला. एका सेविकेकडे चारशे ते आठशे लोकवस्ती, लसीकरणाचे निरोप, सर्वेक्षणं, फोनवर भरायची माहिती. घरभेटीत तिनं तरी कुठं थांबायचं?

घरभेटीचं मोल किती असू शकतं, हे जमैकानं दाखवून दिलं आहे. १९८० च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली नऊ महिने ते दोन वर्षांची, वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जायची, अशी दोन वर्षं. ती टाकाऊ वस्तूंची खेळणी करून न्यायची आणि आईला बाळाशी खेळायला-बोलायला उत्तेजन द्यायची. वीसेक वर्षांनी याच मुलांना पुन्हा गाठलं, तेव्हा घरभेटी झालेल्यांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली. ज्यांना नुसता पूरक आहार दिला होता, त्यांच्यात असा टिकाऊ फरक दिसला नाही. याचा अर्थ खाऊ घालू नका असा नाही. पाकीट देऊन आपलं काम झालं असं समजू नका, एवढाच आहे. सेविका बाईला घरी पाठवायचं, तर तिला तासभर बसायला वेळ आणि त्या तासाचा मोबदला द्यावा लागतो.

आणि या शहरातली जी मुलं कुठल्याच यादीत येत नाहीत त्यांचं काय? हे टॉवर बांधणाऱ्या बायकांची मुलं रेतीच्या ढिगाजवळ वाढतात. १९६९ मध्ये दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर मीरा महादेवन यांनी मजुरांच्या मुलांसाठी एका तंबूत पाळणाघर सुरू केलं, त्यातून 'मोबाइल क्रेशेस' उभी राहिली. मुंबई मोबाइल क्रेशेस ही संस्था आज मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या बांधकामांवर हेच काम करते. १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी कायदा झाला, त्यात पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी अशी तरतूद आली. पण एका साइटवर चार ठेकेदार असले की एकाच्याही हजेरीपटावर पन्नास बायका भरत नसत. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. ऐरोली-महापेत कंपन्यांच्या काचेच्या इमारती पुष्कळ दिसतात. रांगणारी मुलं किती आस्थापनांत दिसतात, ते तिथं काम करणाऱ्यांनी स्वतःच आठवून पाहावं. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच शहराच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. एवढं बांधणाऱ्या शहराला दर सेक्टरात एक चांगलं, सरकारी, परवडणारं पाळणाघर बांधणं अवघड नाही. स्टेशनच्या इमारतींत सिडकोनं ऑफिसं थाटली, तिथं खालच्या मजल्यावर एक हॉल मुलांसाठी का नको? सोसायटीच्या क्लबहाऊसची खोली रोज दुपारी दोन तास रांगत्या मुलांना आणि त्यांच्या आज्यांना, मावश्यांना का देऊ नये? गालिचा घालायचा, चार डबे, चार वाट्या ठेवायच्या. शिक्षक लागत नाही, वर्ग लागत नाही. सात दारांचं काम एक खोली करील.

मुलाच्या मेंदूची काळजी असलेल्या घरांनी वर्गांच्या फीवर खर्च होणारा पैसा सांभाळणाऱ्या बाईच्या पगारात घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाशी दिवसातले नऊ तास तीच बोलते. तिच्याकडे धुण्या-भांड्यांची यादी सोपवली तर ती धुणीभांडीच करील. तिला नुसतं मुलाजवळ बसायची मोकळीक दिली तर ती बोलेल.

त्या दुपारी मी मावशींना म्हटलं, "तुम्ही किती छान खेळवता हो हिला." त्या संकोचल्या. म्हणाल्या, "ह्ये काय खेळवणं? बोलत बसायचं झालं." मग त्यांनी त्यांच्या नातीचं सांगितलं. दीड वर्षाची आहे. सून तुर्भ्याला मसाला मार्केटमध्ये निवडायच्या कामाला जाते, मुलगा ड्रायव्हर. नात दिवसभर शेजारच्या खोलीत एका म्हातारीकडे असते. म्हातारीला धड दिसत नाही, ती पोरीला फोन लावून देते. "अजून बोलत न्हाई वो," मावशी म्हणाल्या. "म्या गेले की लई बोलाय बघती. पर म्या पोचोस्तवर तिचा झोपायचा टाइम हुतो."

मावशींची सुट्टी सहाला होते. नेरूळहून ठाण्याच्या गाडीनं कोपरखैरणे, तिथून चालत. सव्वासहाची गाडी मिळाली तर त्या सातपर्यंत घरी पोचतात आणि नातीबरोबर तासभर मिळतो. तुमच्याकडे अशा मावशी असतील तर सहा वाजता, जरा चार पोळ्या लाटून जा, असं म्हणून त्यांना थांबवू नका.